शाळा आणि घर यांचा मेळ: खानदेशात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं, जिल्हा परिषदेत शाळा निवडण्यासाठीचं समुपदेशन झालं, शाळेचा आदेश हातात पडला. आता धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर, चोपडा नाहीतर यावल तालुक्यातल्या एखाद्या गावात किंवा पाड्यावर तुम्ही रुजू व्हाल. काही जण याच मातीतले असतील, तर बरेच मराठवाड्यातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून पहिल्यांदाच तापीकाठी येत असतील. अशा नव्या शिक्षकांशी माझं नेहमी बोलणं होतं. वाचन कसं घ्यायचं, गणित कसं शिकवायचं, हे ते विचारतातच. पण चहा संपत आला की खरा प्रश्न निघतो: "मॅडम, घरी गेल्यावर अंगात काहीच उरत नाही. रोजचं असंच राहणार का?"

माझं म्हणणं असं की शाळेचं काम आपणहून कधीच संपत नाही. ते रोज कुठे थांबवायचं हे आपल्याला ठरवावं लागतं, तेही पहिल्या सहा महिन्यांतच. एकदा गाव, केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) आणि घर या तिघांना तुमची एक सवय लागली की ती मोडताना सगळ्यांनाच त्रास होतो. म्हणून खालच्या गोष्टी शक्यतो याच क्रमाने करा.

पायरी १ : आधी राहण्याचं ठरवा

शाळा आणि घर यांचा मेळ बसतो की नाही, याचा निम्मा निकाल खोलीवरच लागतो. नियमाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात कोणी गावात राहतं, कोणी तालुक्याला, तर कोणी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारहून अपडाऊन करतं. निर्णय घेण्याआधी कागदावर हिशोब मांडा.

शाळा ४० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० किलोमीटर होतात. दुचाकी लिटरला ४५ देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरलं, तर दिवसाला १८५ ते १९० रुपये जातात. महिन्याचे २४ दिवस धरले की साधारण ४,५०० रुपये झाले. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची असतात; प्राथमिक शिक्षण सेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,००० होतं, म्हणजे वाढ मोठी झाली. तरीही त्यातला पाव भागाहून जास्त पैसा रस्त्यावरच जातो. वर रोजचे अडीच-तीन तास जातात ते वेगळेच.

त्यामुळे पहिल्या वर्षी शाळेपासून १५-२० किलोमीटरच्या आतच खोली घ्या, असं मी आग्रहाने सांगते. अक्राणीतल्या (म्हणजेच धडगाव तालुक्यातल्या) शाळांसाठी धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यासाठी मोलगी, शिरपूरच्या उत्तरेकडच्या पाड्यांसाठी बोराडी, साक्रीच्या पश्चिमेला पिंपळनेर, यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यांसाठी यावल किंवा फैजपूर सोयीचं पडतं. तळोद्याहून चांदसैली घाट चढून रोज धडगावकडे जायचा बेत असेल, तर पावसाळा डोळ्यांसमोर आणा. दरड आली की रस्ता बंद, आणि घरचे रात्री आठ वाजता फोन लावून बसलेले. मोलगीच्या देवगोई घाटाचीही पावसाळ्यात हीच काळजी असते.

खोली बघताना भाडं शेवटी विचारा. आधी पाणी किती दिवसाआड येतं, संडास-बाथरूम घरात आहे का, फोनला रेंज कुठे मिळते हे पाहा. आणि डोकं वर करून छत बघा. पत्र्याची खोली जुलैत स्वस्त वाटते. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्याच पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, रात्री झोप लागत नाही. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात उन्हाळा चांगला निघतो, पण पावसाळ्याआधी धाब्यावर माती पडली का हे घरमालकाला विचारून घ्या. स्लॅब असेल तर वर एक मजला असलेली खालची खोली मिळवा.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव या पट्ट्यात शाळा असेल तर गाडीने जाणं-येणं जमू शकतं. फक्त जायची आणि यायची गाडी ठरवून ठेवा. "आज पुढच्या गाडीने येतो" ही सवय एकदा लागली की संध्याकाळ हातची गेलीच.

पायरी २ : आठवड्याचे तास मोजा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४५ तास धरलं आहे आणि त्या ४५ तासांत पाठाची तयारीही मोजली आहे. हे शेवटचं वाक्य नव्या शिक्षकांना सहसा कोणी सांगत नाही.

आता तुमची शाळा साडेदहा ते पाच आणि शनिवारी सकाळची असेल, तर आठवड्याचे ३६-३७ तास तिथेच होतात. उरतात आठ-नऊ तास. टाचण (पाठाची लेखी तयारी), वह्या तपासणं, शैक्षणिक साहित्य, नोंदी, सगळं त्यात बसवायचं. रोज शाळा सुरू होण्याआधी अर्धा तास आणि सुटल्यावर एक तास दिला, तर सोमवार ते शुक्रवारचे साडेसात तास होतात. शनिवारी दुपारचा एखादा तास धरला की भरलं.

हा दीड तास शाळेतच द्या. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊ नका. घरी नेलेला गठ्ठा तासाभरात संपत नाही. स्वयंपाक होईपर्यंत, मूल झोपेपर्यंत तो तसाच बाजूला पडून राहतो आणि सगळा वेळ मनात टोचत राहतो. शाळा सुटल्यावर पोरं निघून गेली की वर्ग शांत असतो, उजेड असतो, फळा समोर असतो. उद्याचं टाचण तिथे वीस मिनिटांत होतं.

वह्या तपासायचीही एक पद्धत आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात असतात. सगळ्यांच्या सगळ्या वह्या रोज तपासणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सोमवारी दुसरीचं लेखन, मंगळवारी तिसरीचं गणित, असे वार वाटून घ्या. तपासणं मूल समोर असताना करा. चूक तिथेच दाखवली तर पोराला कळते. लाल शाईचे शेरे घरी बसून लिहिले, तर बरीच मुलं ते वाचतही नाहीत.

पोषण आहाराचं काम रोजचं आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ या हिशोबाने धान्य काढून देणं, नोंदवही लिहिणं, ॲपवर हजेरी भरणं. हे त्या दिवशीच, जेवणाच्या सुट्टीतच उरका. एक दिवस राहिलं की चार दिवसांचं साचतं आणि महिनाअखेरीस तांदळाची शिल्लक जुळत नाही. सोबतचे शिक्षक आणि तुम्ही कामं स्पष्ट वाटून घ्या: एकाकडे पोषण आहार आणि शाळा व्यवस्थापन समिती, दुसऱ्याकडे यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), शिष्यवृत्ती आणि आधारची कामं. दर सहा महिन्यांनी अदलाबदल करा, म्हणजे एक जण रजेवर गेला तरी दुसऱ्याचं अडत नाही.

पायरी ३ : माहितीची एक वही करा

नव्या शिक्षकाची संध्याकाळ सर्वात जास्त खातो तो हा संदेश: "अत्यंत तातडीचे. सोबतच्या नमुन्यात माहिती आजच सादर करावी." नमुना दरवेळी नवा, माहिती बहुतेक जुनीच. यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय एकच आहे.

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर शाळेचा २७ ने सुरू होणारा ११ अंकी यू-डायस क्रमांक, स्थापनेचं वर्ष, ग्रामपंचायत, केंद्र, बीट (काही केंद्रांचा गट), जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मतदान केंद्राचा क्रमांक. दुसऱ्या पानावर इयत्तावार पट: मुलगे, मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर. तिसऱ्यावर इमारत: खोल्या किती, दुरुस्तीला आलेल्या किती, शौचालयं, हात धुण्याची जागा, वीज मीटरचा ग्राहक क्रमांक, जागेचं क्षेत्रफळ. त्यापुढे शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावं, बँक खात्यांचे तपशील, मग प्रत्येक मुलाची एक ओळ: जनरल रजिस्टरचा क्रमांक, जन्मतारीख, आधार आहे की नाही, पालकांचा फोन. या पानांचे फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मुलांच्या माहितीची पानं मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ही वही भरायला दोन-तीन दुपारी जातात. नंतर बहुतेक नमुने दहा मिनिटांत भरून होतात. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते) ठरते, म्हणून त्या तारखेचा पट वहीत ठळक लिहून ठेवा. वर्षभर तो विचारला जातो.

आता ग्रुपचं. आठ-दहा ग्रुप असतातच: शाळा, केंद्र, बीट, तालुका, प्रशिक्षण, संघटना. सगळ्यांचे आवाज बंद ठेवा आणि दिवसातून दोनदाच बघा. हे चोरून करू नका, केंद्रप्रमुखांना पहिल्याच भेटीत सांगा. मी असं सांगायला सुचवते: "सर, पाड्यावर नेट नीट चालत नाही. सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेपाचला मी संदेश बघते. त्याआधी काही तातडीचं असेल तर सोबतच्या गुरुजींना फोन करा, निरोप लगेच मिळेल." बहुतेक केंद्रप्रमुख हे मान्य करतात, कारण त्यांनाही वरून विचारणा होत असते आणि माहिती नक्की कधी मिळणार हे कळलं की त्यांचंही काम हलकं होतं.

वर्गाबाहेरच्या कामांबाबत कायदा माहीत असू द्या. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामं शिक्षकांना लावता येत नाहीत. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे की ते शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी करून घ्यावं. वर्गाचा वेळ त्यामुळे वाचतो, हे योग्यच आहे. पण शिक्षकाच्या रविवारची किंमत त्यात कोणी धरत नाही, आणि मला ते खटकतं. असं काम आलं तर त्या महिन्याचे कोणते रविवार जाणार हे घरी आधीच सांगा, आणि लेखी आदेशाची प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी सांगितलेल्या कामाला नम्रपणे एवढंच म्हणा: "सर, आदेश मिळाला की लगेच करते."

पायरी ४ : खानदेशचं वर्ष समजून घ्या

इथे रोजचा मेळ बसवण्यापेक्षा वर्षाचा मेळ बसवणं जास्त उपयोगी पडतं. वर्ष असं चालतं.

जूनमध्ये प्रवेश आणि दाखल-खारीज. श्रावणात कानबाई या देवीचा उत्सव. तेव्हा घरोघरी भाऊबंद जमतात, मुंबई-सुरतला गेलेले लोकही परततात आणि मुलं दोन दिवस शाळेत कमी येतात. सप्टेंबरअखेर पटाची घाई. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी लागली की मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातून आणि धुळ्याच्या पश्चिम भागातून कुटुंबं ऊसतोडीला निघतात, बरीचशी गुजरातकडे.

दिवाळीआधीचे तीन-चार आठवडे तुमच्या वर्षातले सर्वात जड आठवडे समजा. कुटुंब एकदा निघून गेलं की मूल परत आणणं फार अवघड. पालक मजुरीवरून अंधार पडताना येतात, म्हणून गृहभेटी संध्याकाळीच कराव्या लागतात. या काळात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यासाठीच ठेवा आणि घरी तसं सांगून ठेवा. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवता येईल का, हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, आणि मूल जाणारच असेल तर त्याचं शिक्षण हमी पत्रक (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) दिलं का, एवढ्या तीन गोष्टी दर घरी विचारा. या कामात घरचा वेळ गेला तर तो सत्कारणी लागला, असं मी मनापासून मानते. बाकीच्या महिन्यांत वेळ राखायचा तो अशाच आठवड्यांसाठी.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, मग क्रीडा स्पर्धा, मग होळी. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वात मोठा सण. आधीचा आठवडा होळीच्या खरेदीच्या भोंगऱ्या बाजारांचा असतो आणि वर्ग ओस पडतात. स्थानिक सुट्ट्या याच दिवसांत घेण्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत जूनमध्येच काढा. गावी जायला हे दिवस चांगले, पण पहिल्या वर्षी तरी एकदा अक्कलकुव्यातल्या काठी गावची राजवाडी होळी बघायला थांबा. आपल्या वर्गातलं पोरगं कमरेला घुंगरू बांधून नाचताना दिसलं की वर्गात गप्प बसणारा तोच का हा, असं वाटतं.

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. पहाटे उठावं लागतं, पण दुपार मोकळी मिळते. ही दुपार ऑनलाइन कामांनी भरू देऊ नका. शाळा सुटल्यावर भर उन्हात लांबचा प्रवासही टाळा. जेवा, झोपा, चारनंतर बाहेर पडा.

पायरी ५ : पोरांची बोली शिका

हे शिकवण्यासाठी तर लागतंच, थकवा कमी व्हायलाही लागतं. दिवसभर समोरच्याचं बोलणं निम्मंच कळत असेल तर डोकं शिणतं. मैदानात मुख्यतः अहिराणी, सातपुड्यात भिली, पावरी, तडवी; तुमच्या गावात कोणती हे पहिल्या दिवशी विचारा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई सर्वात उत्तम शिक्षिका. रोज पाच शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. "काय करी राहिना रे?" एवढं विचारलं तरी अहिराणी घरातलं पोरगं हसून पुढे सरकतं.

पायरी ६ : गावाशी नातं जोडा, वेळ मात्र आधी सांगा

गाव प्रेमाने बोलावतं. हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत, लग्नं, जाऊळ, वरण-बट्टीच्या पंगती. जमेल तिथे जरूर जा, कारण परक्या मुलखात तुमचं घराबाहेरचं आयुष्य हेच असणार आहे. फक्त दाखले, अर्ज, बँकेचे फॉर्म ही कामं शाळेच्या वेळेत आणि शाळेतच होतात, हे सुरुवातीलाच सरपंच आणि समितीच्या अध्यक्षांना सांगा. रात्री खोलीवर अर्ज लिहून देणं एकदा सुरू केलं की ते बंद करता येत नाही.

नव्या शिक्षकांना इथे साने गुरुजींचं उदाहरण हमखास दिलं जातं. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांची सेवा आईच्या मायेने करत होते. तो आदर्श मोठाच आहे आणि खानदेशातल्या शिक्षकाला त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण गुरुजी अविवाहित होते आणि मुलांबरोबर छात्रालयातच राहत होते. ज्या मॅडमचं दोन वर्षांचं बाळ घरी वाट पाहतं, तिला "गुरुजींकडे बघा" म्हणून रात्री आठपर्यंत थांबवणं अन्यायाचं आहे. कोणी तसं म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका.

पायरी ७ : घरच्यांशी कामं बोलून वाटून घ्या

शिक्षिकेची नोकरी म्हणजे "अर्ध्या दिवसाचं काम आणि भरपूर सुट्ट्या" असं अजूनही घराघरांत समजलं जातं. त्यामुळे स्वयंपाक, मुलं, पाहुणे, सगळं तिच्याकडेच राहतं. यावर भांडण काढण्यापेक्षा एका रविवारी वर केलेला ४५ तासांचा हिशोब नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर ठेवा. सकाळचा डबा कोण करणार, मुलाला अंगणवाडीत कोण सोडणार, हे नावानिशी ठरवा. पुरुष शिक्षकांनीही हे करायचं आहे. बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आणि मूल आजीकडे, अशी कितीतरी घरं आहेत. रोज एकाच वेळी फोन करा. वेळ ठरलेली असली की मूल वाट बघतं आणि बोलतं, नाहीतर फोन हातात धरून गप्प बसतं.

आपल्या हक्काच्या रजांची माहिती करून घ्या. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. नियमित सेवेत आल्यावर १८ वर्षांखालील अपत्यासाठी संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजाही महिला कर्मचाऱ्यांना मिळते. रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. अर्ज वेळेत द्या, पोच घ्या, आणि मागे वर्गाला काय काम द्यायचं ते सोबतच्या शिक्षकांना लिहून द्या.

पायरी ८ : तब्येत

बहुवर्ग शाळेत ओरडून शिकवल्याने घसा बसतो. टाळी, घंटी किंवा ठरलेली खूण वापरा, आणि अर्धा तास स्वतः बोलायचं, अर्धा तास मुलांनी गटात काम करायचं असं वेळापत्रक लावा. शाळेत शौचालय नीट नसल्याने अनेक मॅडम दिवसभर पाणीच पीत नाहीत. इथल्या उन्हात ते धोक्याचं आहे. शौचालयाची दुरुस्ती आणि पाणी हा विषय समितीच्या पहिल्याच सभेत ठरावात घ्या. मुलींचीही सोय होते.

पायरी ९ : बदलीची तयारी आजपासून

शिक्षण सेवकाची तीन वर्षं संपून नियमित व्हाल तेव्हा सेवापुस्तकातल्या नोंदी अद्ययावत आहेत का ते स्वतः डोळ्यांनी बघा. पती-पत्नी दोघं नोकरीत असाल आणि दोघांच्या शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरहून जास्त असेल, तर बदलीत विशेष संवर्ग दोनमधून अर्ज करता येतो. ऑनलाइन बदलीचं पोर्टल उघडतं तेव्हा अर्जाला थोडेच दिवस मिळतात आणि कागद गोळा करण्यात लोकांची धांदल उडते. विवाह नोंदणीचा दाखला, जोडीदाराच्या कार्यालयाचं सेवा प्रमाणपत्र, दोन्ही ठिकाणांमधल्या अंतराचा दाखला आणि दोघांचे रुजू अहवाल एका फाइलमध्ये आजच लावून ठेवा, आणि जोडीदाराची जागा बदलली की त्यातला कागदही त्याच आठवड्यात बदला.